अफजलखानवधाचा पोवाडा 'साधन', मग नामांतराचे गाणे 'प्रचार' कसे?

#थ्रेड

१/
चिलीचा गायक व्हिक्टर हारा मराठी इतिहासप्रेमी तरुणांना ठाऊक असतो. सप्टेंबर १९७३ मधील लष्करी बंडानंतर सॅन्टियागोच्या स्टेडियममध्ये त्याची हत्या झाली, हेही ठाऊक असते. याच तरुणांना बीड जिल्ह्यातील शाहीर आत्माराम साळवे यांच्याविषयी विचारावे. बहुतेकांना नावही सांगता येणार नाही. ही विस्मृती आपोआप घडलेली नाही. इतिहासाचे साधन कशाला म्हणायचे, याविषयीच्या एका जुन्या पक्षपाताचा तो परिणाम आहे.

२/
आत्माराम साळवे (१९५३-१९९१) हे माजलगाव तालुक्यातील भाटवडगावचे. दलित पँथरचे कार्यकर्ते आणि मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतर लढ्याचे शाहीर. गावोगावच्या वस्त्यांत जाऊन ते गात. या गाण्यांपायी त्यांना खटल्यांना आणि प्रवेशबंदीला तोंड द्यावे लागले. ज्या गाण्यांची शासनयंत्रणेने इतकी गंभीर दखल घेतली, ती गाणी इतिहासकाराला दखलपात्र वाटू नयेत, हे आश्चर्य आहे.

३/
पार्श्वभूमी थोडक्यात. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९५८ ची. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. १९७९ मध्ये नागपूरहून औरंगाबादच्या दिशेने लाँग मार्च निघाला. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. तो दिवस पाहायला साळवे हयात नव्हते.

४/
हा लढा पुस्तकांत येतो तो ठराव, मोर्चे, दंगली, नेते आणि तारखा यांच्या क्रमाने. पण एक प्रश्न अनुत्तरित राहतो. मुंबईत झालेला ठराव, नागपुरात ठरलेला मोर्चा आणि शेजारच्या जिल्ह्यात जळालेली वस्ती यांची बातमी माजलगाव किंवा गेवराईच्या एखाद्या वस्तीत पोहोचली कशी? जिथे वर्तमानपत्र वाचू शकणारे मोजके आणि विकत घेऊ शकणारे त्याहून मोजके, तिथे बातमी, तिचा अर्थ आणि पुढची हाक या तिन्ही गोष्टी शाहिराच्या गाण्यातून पोहोचत होत्या.

५/
त्यासाठी जे संगीत घडले, त्याला आज 'फ्यूजन' म्हणतात. त्याची युक्ती साधी होती. चाल ओळखीची, शब्द नवे. चाल आधीच ओठांवर असल्यामुळे समोरचा समुदाय दुसऱ्या कडव्यापासूनच साथ धरतो. छापखाना लागत नाही, पत्रक बाळगावे लागत नाही. पत्रक जप्त करता येते. तोंडपाठ गाणे जप्त करता येत नाही.

६/
या मिश्रणाचा सर्वांत खोल थर जात्यावरच्या ओवीचा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रकल्पाने महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत १९९६ साली माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले. राधाबाई बोऱ्हाडे आणि वाल्हाबाई टाकणखार ही त्यांतली नावे. ओवीत जिथे पूर्वी विठ्ठल किंवा माहेरचा भाऊ यायचा, तिथे भीमराव येतात. रमाबाई घरच्या माणसासारख्या येतात. शाळेची पायरी न चढलेल्या स्त्रियांनी दळता दळता केलेले हे राजकीय चिंतन आहे.

७/
दुसरा थर हलगीचा. गावात हलगी वाजवणे हे जातीने लादलेले गावकीचे काम. मिरवणूक दुसऱ्याची, हलगी दलिताची. आंबेडकरी चळवळीत काहींनी हे काम आणि हे वाद्य दोन्ही टाकून दिले. काहींनी तेच वाद्य स्वतःच्या सभेत, स्वतःच्या मर्जीने वाजवले. दोन्ही निर्णय राजकीय होते. हलगीला केवळ 'पारंपरिक तालवाद्य' म्हणून काचेच्या कपाटात ठेवणाऱ्याला यांपैकी एकही निर्णय दिसत नाही.

८/
तिसरा थर कव्वालीचा. बीड सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. उर्दू ही दरबाराची आणि कचेरीची भाषा, तर कव्वाली दर्ग्याच्या उरुसातली. आंबेडकरी गायकांनी हा ढंग सहज उचलला. नागपूरचे नागोराव पाटणकर कव्वाल म्हणूनच ओळखले गेले. भीमजयंतीच्या रात्री रंगणारे कव्वालीचे मुकाबले म्हणजे प्रश्न, प्रतिप्रश्न आणि दाखला यांची जाहीर शाळाच होती.

९/
हे काही नामांतराच्या काळात अचानक उगवलेले नाही. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्यातला आशय उलटवला. आंबेडकरी जलशांत भीमराव कर्डकांनी ती वाट पुढे नेली. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने तिला गिरणगावात रुजवले. त्यांतले अमर शेख बार्शीचे. साळवे हे या परंपरेचे मराठवाड्यातील वारसदार.

१०/
आता परदेशाकडे पाहू. कॅलिफोर्नियात १९६५ च्या द्राक्षमळ्यातील संपात 'तेआत्रो कांपेसिनो' ही नाटकमंडळी ट्रकच्या पाठीवर उभी राहून मेक्सिकन शेतमजुरांपुढे प्रयोग करीत असे. मेक्सिकोतील व्हेराक्रूझचे 'ला बाम्बा' हे लोकगीत रिची व्हॅलेन्सने १९५८ मध्ये रॉक संगीतात गायले आणि लॉस लोबोसने १९८७ मध्ये ते पुन्हा जगभर नेले. लोकपरंपरा, स्थलांतरितांचे जगणे आणि राजकारण यांचा हा संगम अमेरिकेत अभ्यासाचा विषय झाला. ऊसतोडीसाठी दरवर्षी गाव सोडणाऱ्यांच्या बीड जिल्ह्यात असाच संगम घडला, तेव्हा त्याला 'जयंतीची गाणी' म्हणून बाजूला सारले गेले.

११/
पहिला आक्षेप: 'ही प्रचाराची गाणी आहेत, इतिहासाची साधने नव्हेत.' मग अज्ञानदासाचा अफजलखानवधाचा पोवाडा काय आहे? तो एका बाजूचा आहे, स्तुतिपर आहे, श्रोत्यांना स्फुरण चढावे म्हणून रचलेला आहे. तरीही तो समकालीन साधन म्हणून आदराने वाचला जातो, आणि ते योग्यच आहे. ऍकवर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाड्यांचा संग्रह काढला, पुढे य. न. केळकरांनी 'ऐतिहासिक पोवाडे' सिद्ध केले, म्हणून ते शाहीर वाचले. निकष एकच असेल, तर तो भीमनगरालाही लागू झाला पाहिजे.

१२/
दुसरा आक्षेप: 'सिनेमाच्या चाली घेतल्या, कव्वाली घेतली, यात अस्सल लोककला कुठे राहिली?' अस्सल म्हणजे कोणती? तमाशाने गवळण भक्तिपरंपरेतून घेतली. डफ आणि तुणतुणे एका जागी जन्मले नाहीत. लोककला नेहमी जवळ असेल ते घेऊनच जगली. चेन्नईच्या 'कास्टलेस कलेक्टिव्ह'ने गाना आणि रॉक एकत्र केले की तो प्रयोग. वस्तीतल्या गायकाने ढोलकीवर सिनेमाची चाल घेतली की ती भ्रष्टता. या भेदाचा संगीताशी काही संबंध नाही.

१३/
तिसरा आक्षेप अधिक सोज्वळ: 'जुन्या जखमा कशाला उकरायच्या?' हैदराबाद मुक्तिसंग्रामाची आठवण दर १७ सप्टेंबरला जागवली जाते, आणि ती जागवलीच पाहिजे. त्या लढ्यातही रक्त सांडले होते, गावे जळाली होती. एका लढ्याची स्मृती अभिमान ठरते आणि दुसऱ्याची स्मृती तेढ, हा निवाडा कोणी दिला?

१४/
याचा अर्थ गाण्यातील प्रत्येक शब्द पुरावा म्हणून गिळावा, असा नाही. साधनचिकित्सा इथेही हवी. गाणे कोणत्या प्रसंगी गायले, चाल कोणाची, पाठभेद किती, कोणते कडवे नंतर जोडले, घटनेचे वर्णन इतर नोंदींशी जुळते का? बखरींना जे प्रश्न विचारले जातात, तेच इथे विचारावेत. पण प्रश्न विचारण्यापूर्वी साधन हातात असावे लागते.

१५/
आणि खरी निकड तिथेच आहे. दरबारी शाहिराची रचना दप्तरात जपली गेली. वस्तीतल्या शाहिराची वही पत्र्याच्या पेटीत राहिली. ती पावसात भिजते, वाळवी लागते, घर बदलताना हरवते. नामांतराच्या सभांत तरुणपणी कोरस धरणारी माणसे आज वृद्ध झाली आहेत. त्यांच्याबरोबर चाली जातील, आणि चालीशिवाय उरलेला कागद म्हणजे अर्धेच साधन.

१६/
किल्ल्यांवर तोफा शोधणारी, मोडी शिकणारी, ताम्रपटांची छायाचित्रे काढणारी एक उत्साही पिढी महाराष्ट्रात आहे. प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण यंत्र आहे. माजलगाव, परळी, केज, अंबाजोगाईच्या वस्त्यांत जाऊन एखाद्या आजीची ओवी आणि एखाद्या जुन्या कोरसवाल्याची चाल, नाव-गाव-तारखेसह आणि त्यांच्या संमतीने नोंदवणे, हे गडावरच्या शिलालेखाचा ठसा घेण्याइतकेच इतिहासाचे काम आहे. शिलालेख आणखी शंभर वर्षे थांबेल. ती आजी थांबणार नाही.