वंशावळीत बाया कुठं हायत?

गेल्या महिन्यातले दोन शनिवार मी कोऱ्हाळे बुद्रुकला घालवले. निमित्त वंशावळीचं. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली आणि आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गुड मॉर्निंगपेक्षा जुन्या कागदांचे फोटो जास्त यायला लागले. "तू कॉम्प्युटरवाला, तूच झाड काढ," असं चुलत्यांनी फर्मावलं. मीही हो म्हणालो. डेटा गोळा करायचा, लिंक करायचा, संपलं. हाय काय अन् नाय काय!

सुरुवात झकास झाली. 'आपले अभिलेख'वर स्कॅन केलेले जुने फेरफार मिळाले, त्यावरून पणजोबांपर्यंत पोचलो. त्याच्या मागे जायचं तर कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी. सगळं मोडीत. एका ओळखीच्या काकांनी वाचून दिलं. (मध्येच खुर्दच्या दोन नोंदी झाडात घुसल्या होत्या, त्या परत काढल्या. नावं सारखी असली की बुद्रुक का खुर्द ते तपासावंच लागतं.) शेवटी खापरपणजोबांच्या मृत्यूची ओळ सापडली आणि अंगावर काटाच आला. वयावरून हिशोब केला. १८७६-७७ चा दुष्काळ पोरवयात काढलेला, १८८५ च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचं पाणी आलं तेव्हा मिसरूड फुटत असलेला माणूस. आणि त्याची एकच ओळ.

संध्याकाळी पाच पिढ्यांचं झाड लॅपटॉपवर आजीला दाखवलं. आजी ८८ वर्षांची. चष्मा पुसून तिने नीट बघितलं आणि म्हणाली, "आरं, ह्यात बाया कुठं हायत? का ही समदी आभाळातनं पडली?"

बोलतीच बंद!

मग विचार केला. हे कागद आपल्यासाठी ठेवलेलेच नव्हते. शेजारच्या इंदापुरात १८३५-३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमीन मोजून सारा ठरवायची पद्धत बसवली, ती पुढे मुंबई इलाख्यात पसरली. सरकारला हवं होतं ते एवढंच की जमीन कोणाची आणि सारा कोण भरणार. त्यामुळे जमीनवाला पुरुष कागदावर येतो, 'अमका बिन तमका', म्हणजे तमक्याचा मुलगा अमका. बाई आलीच तर 'अमकी कोम तमका', तमक्याची बायको. लग्न झालं की बापाचं नाव ओव्हरराईट, बॅकअप नाही! ज्यांना जमीनच नव्हती त्यांचा माग काढणं तर आणखी अवघड.

दाखल्यासाठी वडिलांकडचीच साखळी लागते, ते मान्य. पण आपण घरासाठी म्हणून झाड काढतो तेव्हाही तोच फॉर्म भरून मोकळे होतो. याला माझा आक्षेप आहे. हा फक्त बायकांवरचा अन्याय नाही, माहितीही चुकीची होते. आमचंच बघा. आजीने सांगितलं की खापरपणजोबांची पहिली बायको बाळंतपणात गेली, आपण सगळे दुसरीचे. ही दुसरी नदीपल्याडची, फलटणकडची. तिकडे १९४८ पर्यंत निंबाळकरांचं संस्थान, म्हणजे दप्तरच वेगळं. मी कोऱ्हाळ्याचे कागद जन्मभर चाळले असते तरी तिचं माहेर सापडलं नसतं. आजीला हे तिच्या सासूने जात्यावर दळताना सांगितलेलं. दोन बायकांच्या तोंडून शंभर वर्षांचा डेटा माझ्यापर्यंत आला, आणि मी तिला विचारलंच नव्हतं. आधी इंटरनेट उघडलं.

म्हणून वंशावळ शोधणाऱ्या माझ्यासारख्यांना एकच सांगणं. पुण्याच्या पुराभिलेखागारात जरूर जा, मोडीही शिका. पण त्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईसमोर फोन रेकॉर्डिंगला लावून बसा. तिला आजोबांचं विचारू नका, तिच्या सासूचं माहेर विचारा. कागद अजून दहा वर्षं थांबतील. आजी परवा माझ्या बाबांना काकांच्या नावाने हाक मारत होती.

असो. झाडात आता खापरपणजीची चौकट आहे. त्यात सासरी ठेवलेलं नाव आहे, माहेरचं काय होतं ते आजीलाही माहीत नाही. तिथे प्रश्नचिन्ह टाकलंय. येत्या शनिवारी नदी ओलांडून पलीकडे जाणार आहे. आजीही येते म्हणतेय!