आंबा बगदादचा, तहरी नांदेडची

गॅदरिंगला 'शुद्ध मराठवाडी जेवण' ठेवायचं ठरलंय. जेवणाला माझा विरोध नाही, हॉस्टेलवर राहणाऱ्याचा जेवणाला कधी विरोध असतो का? विरोध आहे तो 'शुद्ध' या शब्दाला. मेस कमिटीच्या यादीत ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, वरण आहे. तहरी मात्र कापली. का, तर म्हणे 'ती हैदराबादी, आपली नाही'. कोणीतरी आवाज जरा खाली आणून 'ती त्यांची' असंही म्हणालं. हे 'ते' रोज आपल्याच टेबलावर, आपल्याच पातळ वरणाला नावं ठेवत जेवतात, एवढं तरी कमिटीने पाहायचं!

मी लातूरची, शिकायला नांदेडला. आमच्या घरी अचानक पाहुणे आले की आई तहरीच टाकते. कांदा, बटाटा, मटार, गरम मसाला, हळद, तांदूळ, आणि सोबत दही. ती कुठून आली हे आईला आजवर एकाही पाहुण्याने विचारलं नाही. सगळे दुसऱ्यांदा वाढून घेतात.

बरं, शुद्धतेची चाळणी लावायचीच तर सगळ्यांनाच लावू. मिरची आणि शेंगदाणा अमेरिका खंडातले, पोर्तुगीज १४९८ साली भारतात पोचले त्यानंतरच इकडे आलेले. म्हणजे ठेचा गेला, चटणी गेली. ज्वारी हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आली. भाकरी गेली. हरभरा तुर्कस्तानच्या बाजूचा, म्हणून पिठलंही गेलं. तूर तेवढी इथलीच. तेव्हा गॅदरिंगला नुसतं वरण प्या, आमचे लातूरचे डाळवाले खूश होतील.

आता थोडं लांब जाऊ, थेट इराकला. दहाव्या शतकात बगदादमध्ये इब्न सय्यार अल-वर्राक याने पाककृतींचा एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात 'हरीसा' आहे, गहू आणि मांस एकत्र शिजवून घोटलेला. आपल्याकडे रमजानमध्ये मिळणारं हलीम त्याच घराण्यातलं. त्यातच 'सनबूसज' आहे, म्हणजे आपल्या कँटीनच्या समोशाचा पूर्वज (बटाटा सोडून, तोही अमेरिकेचाच). 'जुलाबिया' पण आहे. जिलेबीशिवाय आपल्याकडे १५ ऑगस्ट होत नाही! हे पदार्थ व्यापारी, सैनिक आणि आचारी यांच्याबरोबर फिरत इकडे आले. हैदराबादच्या निजामाच्या फौजेत तर येमेनचे अरब होते, आणि मराठवाडा त्याच संस्थानात होता.

पण मला सगळ्यात मजा वाटली ती उलट्या प्रवासाची. इराकमध्ये कैरीचं एक पिवळंजर्द, मेथी-हळद घातलेलं आंबट लोणचं खातात. त्याचं नाव 'अम्बा'. हो, आपला आंबाच! पुण्याचं ससून हॉस्पिटल ज्यांच्या नावाचं, ते डेव्हिड ससून मूळचे बगदादचे ज्यू. १८३२ मध्ये ते मुंबईत आले. अशा बगदादी ज्यू व्यापाऱ्यांनी मुंबईहून पिंपं भरभरून हे लोणचं तिकडे नेलं असं सांगतात. पिंपांची गोष्ट खरी असो वा रचलेली, नाव तर इथलंच आहे. पुढे १९५०-५१ मध्ये लाखाहून जास्त ज्यूंना इराक सोडून इस्रायलला जावं लागलं. ते अम्बा बरोबर घेऊन गेले. आज तिथे तळलेलं वांगं, उकडलेलं अंडं आणि अम्बा घालून केलेला 'सबीख' रस्त्यावर विकला जातो. बगदादवालेही अम्बाला आपलंच म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. आपण काय जाऊन 'परत द्या' म्हणणार?

यावर एक आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. निजामाच्या राज्यात रझाकारांनी काय केलं, हे आमच्या पणजोबांच्या पिढीने भोगलंय. १७ सप्टेंबरला आपण झेंडा फडकवतो तो त्या १९४८ च्या सुटकेचाच. पण त्या दिवशी राज्य गेलं, तहरी नाही गेली. ज्यांनी निजामाविरुद्ध लढा दिला त्यांच्याच गावांत ती पुढेही शिजत राहिली. निजामाचा राग चुलीवरच्या पातेल्यावर काढायचं त्या बायकांना सुचलं नाही, मग आपल्याला पाऊणशे वर्षांनंतर का सुचावं?

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला मराठीत भांडता येत नाही असं रूममेट म्हणते, म्हणून सरळच मागते: यादीत तहरी घाला. 'हैदराबादी' अशी वेगळी पाटी लावून नको, भाकरीच्या शेजारीच ठेवा. जमलं तर निलंगा राईसही करा, लातूरवाल्यांची तक्रार राहायला नको. कांदा चिरायला आम्ही चौघी येतो. तहरीत बटाटा किती घालायचा यावरून नांदेड आणि लातूरची पोरं भांडतील, ते भांडण मेसच्या काकांनी मिटवावं.