रस्त्याचा हक

आठवीच्या वर्गाला निबंध दिला होता, ‘आमच्या घराजवळचा रस्ता’. कुणी पावसाळ्याचे वर्णन केले, कुणी गणपतीच्या मिरवणुकीचे, कुणी ईदच्या रोषणाईचे. एका मुलाने मात्र दोनच वाक्ये लिहिली होती: ‘आमच्या घराजवळ रस्ता आहे, पण तो दिसत नाही. त्यावर गाड्या उभ्या असतात.’ मी ते वाचून दाखवले तेव्हा वर्गात हशा पिकला. मीही हसले. त्याच आठवड्यात हे हसू माझ्या गळ्याशी आले. ते सांगण्याआधी माझ्या रस्त्याची ओळख करून देते.

मी वाढले वागळे इस्टेटच्या रोड नंबर २२ च्या काठाने, किसननगरच्या बाजूला. आमच्याकडे रस्त्यांना नंबर असतात: सोळा, बावीस, अठ्ठावीस. बाहेरच्या माणसाला हे रुक्ष वाटते. आम्हाला मात्र ‘बावीस नंबर’ म्हटले की घर आठवते. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. वागळे इस्टेट ही त्याच्या सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. कारखाने आले, त्यांच्यामागून कामगार आले आणि कामगारांमागून किसननगर, इंदिरानगर, लोकमान्यनगर या वस्त्या दाटत गेल्या.

अब्बा खेड तालुक्यातून १९७४ साली इथे आले आणि एका कारखान्यात लेथवर लागले. आमच्या घरात घड्याळापेक्षा कारखान्याच्या भोंग्यावर जास्त विश्वास होता. भोंगा झाला की रस्ता माणसांनी भरून जाई. हातात डबा, खांद्यावर रुमाल, अंगाला तेलाचा वास. त्या गर्दीत अब्बा कोणते हे मी चालीवरून ओळखायची.

दाराबाहेर, फुटपाथच्या कडेला अब्बांनी रांजण ठेवला होता. वर ताटली, शेजारी ओगराळे. पहाटे फजरची नमाज झाली की ते स्वतः तो भरत. अम्मी म्हणे, ‘तहान लागली तर माणूस दार वाजवेल की.’ अब्बा म्हणत, ‘मागताना माणसाला लाज वाटते. म्हणून पाणी बाहेर ठेवायचं.’ पुढे वागळे इस्टेटमध्ये पासपोर्ट कार्यालय आले. मुंब्रा-भिवंडीकडून येणारी माणसे कागदांची पिशवी छातीशी धरून पत्ता विचारायची. कुणाला हजला जायचे असे, कुणाच्या मुलाला आखातात नोकरी लागलेली असे. अब्बा आधी पाणी देत, मग पत्ता सांगत.

हळूहळू भोंगे थांबले. काही कारखाने बंद पडले, काही दुसरीकडे गेले. अब्बांचाही कारखाना बंद झाला. त्या जागांवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि डबेवाल्या हातांऐवजी गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुले-मुली रस्त्यावरून जाऊ लागली. अब्बांचा इंतकाल झाला. एका उन्हाळ्यात रांजणाला तडा गेला, तो आम्ही काढून टाकला. नवा आणायचा राहून गेला. रिकाम्या जागेवर मी माझी स्कूटी लावू लागले, अर्धी फुटपाथवर, अर्धी रस्त्यावर.

त्या शुक्रवारी मागच्या गल्लीतल्या आजी औषधे घेऊन येत होत्या. फुटपाथवर स्कूटी, म्हणून त्या खाली उतरल्या. मागून आलेल्या रिक्षाचा धक्का लागला आणि त्या पडल्या. मनगटाचे हाड मोडले. मी धावत गेले, पाणी दिले, दवाखान्यात नेले. रात्री त्यांच्या घरी जाऊन म्हटले, ‘आजी, गाडी माझी होती.’ त्या म्हणाल्या, ‘तुमचं काय चुकलं बाई? सगळेच लावतात.’

त्या रात्री झोप लागली नाही. रस्त्यातून त्रासदायक वस्तू दूर करणे हाही ईमानचा एक भाग आहे, ही हदीस मी मुलांना दरवर्षी सांगते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रस्त्यावर बसणाऱ्यांनाही रस्त्याचे हक सांगितले आहेत: नजर खाली ठेवावी, कुणाला त्रास देऊ नये, सलामला उत्तर द्यावे, भल्याची शिकवण द्यावी, वाइटापासून रोखावे. रस्त्यावर क्षणभर टेकणाऱ्यावर एवढी जबाबदारी असेल, तर त्याच्या काठाने चाळीस वर्षे राहणाऱ्यावर किती असेल? या रस्त्यावर माझा फार जीव आहे असे मी सर्वांना सांगत असे. पण अब्बा या रस्त्याला रोज काही देत होते, आणि मी त्याच्यावरची जागा अडवून बसले होते.

आता स्कूटी दोन गल्ल्या पलीकडे पैसे भरून लावते. चालायला पाच मिनिटे लागतात. जुन्या जागी नवा माठ ठेवला आहे. पहिले दोन दिवस कुणी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी कुरिअरच्या मुलाने विचारले, ‘मॅडम, पिऊ का?’ दुसऱ्या दिवसापासून त्याने विचारणे सोडले. आजींच्या हाताचे प्लास्टर निघाले आहे, पण पिळा मारायला अजून जमत नाही. त्यांचे कपडे माझी मुलगी धुऊन देते.

२०२३ च्या जूनमध्ये किसननगरच्या क्लस्टर योजनेचे भूमिपूजन झाले. आमची जुनी इमारतही आज ना उद्या उतरवली जाईल. दीर म्हणतात, आताच कौशाला या. मुलगी विचारते, ‘अम्मी, या धुरात तुझा एवढा जीव का अडकलाय?’ मी तिला म्हटले, ‘घर कुठेही मिळो, दारासमोर रस्ता तर असेलच. माठ तिथेही ठेवू. पण इथे आहोत तोवर इथला भरायचा.’ तिने काही उत्तर दिले नाही. पण गेल्या रविवारी मला उठायला उशीर झाला, तेव्हा माठ भरलेला होता.

भगिनींनो, बंधूंनो, हे वाचून झाले की एकदा आपल्या दाराबाहेर जाऊन पाहा. कुंडी, कचऱ्याचा डबा, मुलाची मोटारसायकल, दुकानाची फळी, यांतले काय कुणाला फुटपाथवरून खाली उतरायला लावते आहे? ते आजच, मगरिबच्या आत हलवा.