‘आपल्यासारखी’ म्हणजे कुणासारखी?

सोलापुरातल्या आमच्या मंडळीत बायकांचा बायबल-अभ्यास दर आठवड्याला भरतो. तिथे मी एकदा सहज सांगितलं, की अंगावरून जाण्याचा त्रास तीन वर्षं सोसला, आता ऑपरेशन करून घेणार आणि महिनाभर ओट्यापाशी उभी राहणार नाही. पाळकांनी लगेच तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र उघडलं. शेवटच्या काळात माणसं स्वतःवरच प्रेम करू लागतील, असं तिसऱ्या अध्यायात आहे. तो काळ आला म्हणे, आणि तोही माझ्या ऑपरेशनमुळे! मी मत्तयाचा बाविसावा अध्याय काढला. शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करण्याची आज्ञा तिथे आहे. उत्तर मिळालं, ‘‘ते शब्दशः घ्यायचं नसतं, बाई. भावार्थ घ्यायचा.’’

म्हणजे स्वतःला विसरायला सांगणारं वचन शब्दशः, आणि स्वतःची आठवण देणारं वचन आलं की भावार्थ. ही वाटणी कुणी केली?

ती आज्ञा मी शब्दशःच घेते. येशूने ती लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायातून घेतली. ‘आपल्यासारखी’ हे त्यातलं माप आहे, आणि माप खोटं असलं की काय होतं ते आपण घरोघर पाहतो. बाळंतपणानंतर पंधरा दिवसांत मांडीवर सूप घेऊन विड्या वळायला बसलेली बाई पुढे सुनेला म्हणते, ‘‘आम्ही नाही का सोसलं?’’ ती दुष्ट नसते. ती सुनेवर अगदी आपल्यासारखीच प्रीती करत असते. स्वतःच्या पाठीला तिने कधी कवडीची किंमत दिली नाही. तीच किंमत ती सुनेच्या पाठीला लावते. भावार्थाने या दोघींचं काय भलं केलं?

आता तीमथ्याचं पत्र. मूळ ग्रीकमध्ये तिथे ‘फिलाउतोस’ हा शब्द आहे, आज्ञेतलं क्रियापद आहे ‘अगापाओ’. यादी तरी पुढे वाचावी. पैशाची हाव, बढाई, निर्दयपणा. सहाव्या वचनात तर घराघरांत शिरून बायकांना नादी लावणारे येतात. आजारी बाईने दवाखाना गाठणं यात कुठे बसतं?

सगळंच शब्दशः घ्या, असंही मी म्हणत नाही. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात म्हटलंय, की आपल्या देहाचा द्वेष कुणी कधी केला नाही. लिहिणाऱ्यापुढे नवरे बसले होते. पहिल्या पाळीपासून आपलं अंग चोरत आलेल्या मुलीला विचारलं असतं, तर हे वाक्य असं लिहिलं गेलं नसतं. सहाव्या अध्यायात दासांना धन्यांच्या आज्ञेत राहायला सांगितलंय. आज कुठला पाळक ते सालगड्याला शब्दशः ऐकवतो? तिथे काळ बदललेला त्यांना दिसतो. बायकोपाशी आला की काळ थांबतो.

पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं ते याच सोलापूर-पुणे रेल्वेमार्गावरच्या केडगावात. १९२२ साली त्या गेल्या, १९२४ साली ते छापून आलं. त्याआधी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर, अर्थ लावायला मला माझी बुद्धी आहे, म्हणून त्या मठातल्या भगिनींशी पत्रांतून भांडल्या होत्या. १८८७च्या इंग्रजी पुस्तकात उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या गरजा सांगताना त्यांनी स्वावलंबन शिक्षणाच्याही आधी ठेवलं. त्यांचं नाव आम्ही दरवर्षी भक्तिभावाने घेतो. त्यांचा हट्ट मात्र कुणी घेत नाही.

काही कार्यकर्त्या मैत्रिणी म्हणतात, या पोथीपुराणात कशाला शिरता? का, ते सांगते. १८६९च्या भारतीय घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं कारण पुरे होतं. बायकोला मात्र नुसता छळ पुरत नसे. त्याला व्यभिचाराची जोड लागे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने आणि २००१ साली संसदेने हे बदललं. पण सोमवारी वळ घेऊन आपल्या केंद्रात येणारी बाई रविवारी उपासनेला बसलेली असते, आणि तिथे ऐकलेलं तिच्या डोक्यातून कायद्याने जात नाही. तिच्याशी बोलायचं तर ते पुस्तक आपल्यालाही उघडावं लागेल.

माझं ऑपरेशन झालं. महिनाभर घरच्यांनी भाकऱ्या थापल्या, वेड्यावाकड्या. पुढच्या अभ्यासाला इफिसकरांसचा पाचवा अध्याय मी वाचणार आहे. पाळक नेहमी बाविसाव्या वचनापासून सुरू करतात, बायकांनी नवऱ्याच्या अधीन असावं तिथून. मी एकविसाव्यापासून वाचणार आहे. तिथे एकमेकांच्या अधीन राहायला सांगितलंय.