दार उघडले, उंबरठा उंचावला

न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठातील बरूक कॉलेजात संगणकीय माहिती-प्रणाली हा विषय शिकवला जातो. संस्थेचे व्यवहार नोंदींत कसे उतरवावेत आणि त्या नोंदींवरून कारभार कसा चालवावा, याचे हे शास्त्र. ज्याच्या हाती नोंदवही त्याच्या हाती कारभार. म्हणून हा विषय कोणाची मुले शिकतात, हा प्रश्न राजकीय ठरतो.

या विद्यापीठाची आद्य संस्था १८४७ साली स्थापन झाली, ती श्रमिकांच्या मुलांना विनाशुल्क शिक्षण देण्यासाठी. पुढे इंटेलचे प्रमुख झालेले हंगेरियन निर्वासित अँड्र्यू ग्रोव्ह आणि इंटरनेटच्या मूळ नियमसंहितेचे एक शिल्पकार रॉबर्ट कान हे दोघेही १९६० साली तेथूनच पदवीधर झाले. समाजाने केलेला खर्च असा फळाला आला. १९७० साली शहरातील सर्व शालान्त उत्तीर्णांना प्रवेश खुला होताच कृष्णवर्णीय व प्वेर्तो रिकन मुले मोठ्या संख्येने येऊ लागली. अवघ्या सहा वर्षांत, शहराच्या आर्थिक अरिष्टाचे कारण देऊन, शुल्क लादले गेले.

महाराष्ट्राला ही कहाणी परकी नाही. १९८३ साली येथे विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि तंत्रशिक्षण ऐपतीच्या तराजूत पडले. आज रेशनपासून शिष्यवृत्तीपर्यंत गरिबाचा हक्क संगणकातील नोंदीवर अवलंबून आहे. ती नोंद घडवणाऱ्यांत त्याची मुले हवी असतील, तर सार्वजनिक विद्यापीठांतील या अभ्यासक्रमांना पूर्ण अनुदान, ही मागणी कार्यकर्त्यांनी अग्रक्रमाने हाती घेतली पाहिजे.