सीमाभागातील मतदार डावा की उजवा?

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोमंतकीयांनी महाराष्ट्रातील विलीनीकरण ३४,०२१ मतांच्या फरकाने नाकारले. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत झालेल्या विधानसभा निवडणुकीत त्याच गोव्याने विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला पुन्हा सत्तेवर बसवले. राज्याच्या अस्तित्वाचा प्रश्न आणि बहुजनांच्या हिताचा प्रश्न मतदाराने वेगवेगळे तोलले होते. शेजारच्या बेळगाव-निपाणी सीमाभागाचे राजकारण समजून घेताना हा अनुभव उपयोगी पडतो.

२०२१ च्या एप्रिलमध्ये बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत महाराष्ट्र एकीकरण समितीच्या तरुण उमेदवाराला लाखाहून अधिक मते मिळाली. सप्टेंबरमध्ये बेळगाव महापालिकेत भाजपने ५८ पैकी ३५ जागा जिंकल्या. या महापालिकेवर समितीचे दीर्घकाळ वर्चस्व राहिले होते. दोन्ही निवडणुकांचे क्षेत्र भिन्न असल्याने आकड्यांची थेट तुलना करता येणार नाही. तथापि, भाषेच्या प्रश्नावर समितीसोबत आणि धर्माच्या प्रश्नावर भाजपसोबत असलेला मराठी मतदार येथे आहे, हे नाकारता येत नाही.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७८९ मध्ये, सभागृहातील आसनांवरून रूढ झालेली डावे-उजवे ही विभागणी येथे अपुरी पडते. संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष असे परस्परांशी भांडणारे पक्ष एकत्र आले, ते भाषिक राज्याच्या मागणीसाठी. अर्थकारणावर त्यांचे एकमत नव्हते.

निपाणीने तर तिसरीच बाजू दाखवली. १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगळूर महामार्ग रोखला. ६ एप्रिलच्या पोलीस गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. मागणी होती तंबाखूच्या भावाची, राज्य बदलण्याची नव्हे. त्याच निपाणीत तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या स्त्रिया मजुरीसाठी संघटित होत होत्या. खुल्या बाजाराचा पुरस्कर्ता नेता आणि कामगार स्त्रियांची संघटना यांना एकाच गावात जागा मिळाली. हे गाव डावे म्हणावे की उजवे?

२०१८ आणि २०२३ या दोन्ही विधानसभा निवडणुकांत समितीला एकही जागा मिळाली नाही. त्यावरून सीमाप्रश्न संपला, असा निष्कर्ष बंगळूरमध्ये काढला जातो. तो घाईचा आहे. परंतु प्रत्येक मराठी मत हे महाराष्ट्राच्या बाजूचे मत, हे मुंबईतील गृहीतकही तितकेच चुकीचे आहे. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या दाव्याचा निकाल काहीही लागो. मराठीतून शाळा आणि सरकारी कागदपत्रे, शेतमालाचा भाव, हाताला काम हे प्रश्न उरणारच. मतदाराला एकाच रेषेवर उभे करणारा पक्ष त्याचे बाकीचे प्रश्न सहज विसरू शकतो. कोणत्या प्रश्नावर आपण कोठे उभे आहोत, हे ज्याने त्याने स्वतंत्रपणे ठरवले, तरच त्या विस्मरणाचा जाब विचारता येईल.