रविवारचं हेल्मेट, सोमवारचं डोकं

आमच्या अंगणातल्या दोरीवर रविवारी संध्याकाळी जे वाळत असतं, ते पाहून शेजारच्या काकूंनी परवा विचारलंच, "अहो, तुमचा मुलगा विकेटकीपर आहे का?" गुडघ्याचे गार्ड, कोपराचे गार्ड, छातीवरचं कवच, खाली पोटरीपर्यंतचे चिखलाने भरलेले बूट. कीपर कुठला! आमचे चिरंजीव आठवडाभर चाकणच्या कंपनीत राबतात, शनिवारी रात्री नेवाशाला येतात आणि रविवारी उजाडायच्या आत मोटारसायकल घेऊन डोंगर चढायला पळतात. रस्त्याने नव्हे, दगडधोंड्यांतून! या खेळाला म्हणे 'हार्ड एंड्युरो' म्हणतात. वर्षातून एखाद्या हौशी शर्यतीतही उतरतो. नंबर कधी आला नाही, ढोपरं मात्र फुटली.

मी खूप कुरकुर केली. मोहिनीराजाला नवस बोलून झाला. शेवटी एका रविवारी म्हटलं, चल, मीच येते बघायला. मित्राच्या जीपमधून डोंगरगणच्या बाजूला त्यांच्या माळावर गेले. मला वाटलं होतं, सिनेमातल्यासारखं सुसाट काहीतरी बघायला मिळेल. कसलं काय! आपण चालतो त्याहून थोडा जास्त वेग. टायरमधली हवा मुद्दाम कमी केलेली, म्हणजे दगडावर पकड बसते. सीटवर टेकायचं नाही, उभं राहून तोल सांभाळायचा आणि क्लच हळूहळू सोडत गाडी वर न्यायची. एकाच चढावर माझा मुलगा सहा वेळा पडला. प्रत्येक वेळी माझा जीव गोळा झाला आणि प्रत्येक वेळी तो अंग झटकून हसत उठला. सातव्यांदा मित्रांनी पट्टा बांधून गाडी ओढली, तेव्हा कुठे वर पोचला.

परत येताना त्याने सांगितलं, ऑस्ट्रियातल्या एर्झबर्गच्या लोखंडाच्या खाणीत १९९५ पासून अशी शर्यत होते. पाचशे जण निघतात, चार तासांत शेवटपर्यंत पोचतात ते मोजकेच. २०१५ साली तर पुढचे चौघे एका जागी असे अडकले, की एकमेकांच्या गाड्या ओढून त्यांनी ती जागा पार केली आणि चौघांनाही विजेते ठरवलं गेलं. मला हे फार आवडलं. आणि हा फक्त मुलांचा खेळ असंही नाही बरं का! बंगळुरूची ऐश्वर्या पिस्से २०१८ मध्ये स्पेनमधल्या शर्यतीत गंभीर जखमी झाली होती. तिने २०१९ मध्ये वाळवंटी-खडकाळ वाटांच्या 'बाहा' शर्यतींचा महिलांचा विश्वचषक जिंकला.

तर मी निवांत झाले, असं तुम्हाला वाटेल. पण खरी गोष्ट सोमवारची आहे.

सोमवारी सकाळी त्याला फाट्यावरून बस पकडायची होती आणि मला तिथे बँकेत काम होतं. काका सोडायला निघाले. एका गाडीवर तिघं! मुलगा मध्ये, मी मागे, एका बाजूला पाय टाकून. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पदर. तिघांच्याही डोक्यावर काही नाही. रविवारचं ते भारी हेल्मेट खुंटीवर. "आई, फाट्यापर्यंत तर जायचंय!" समोरून उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मागून भोंगे वाजवणाऱ्या गाड्या. आणि मला काडीचीही भीती वाटली नाही. माळावर जीव मुठीत धरून बसणारी मी, हमरस्त्यावर मात्र भाजीचा विचार करत होते!

सरकारी अहवालात वाचलं, २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार अपघातात गेले. त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. मागे कोण बसतं हो घरोघरी? मोटार वाहन कायद्यात चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सांगितलंय, मागे बसणाऱ्यालाही. पण आपल्याकडे ते फक्त चालवणाऱ्याचं आणि तेही पोलीस दिसला तरच. आपली कारणं तयार असतात : अंबाडा आहे, गजरा चुरगळतो, बाई हेल्मेट घालून कशी दिसते!

म्हणून मैत्रिणींनो, मला वाटतं, आपण चुकीच्या दिवशी रागावतो. मुलाचा रविवार धोक्याचा आहेच. पण तो धोका ओळखून, कवच चढवून, मित्रांना सोबत घेऊन तो जातो. सोमवारचा धोका आपल्याला धोका वाटतच नाही. मुलाचा छंद बंद करण्यापेक्षा त्या छंदातली शिस्त घरात आणावी. पदर खोचून बसावं, गाडीला साडीगार्ड आहे का बघावं आणि तिघांनी एका गाडीवर बसूच नये.

आमच्याकडे आता गाडीची किल्ली चहाच्या डब्यामागे असते. डोक्यावर हेल्मेट दिसलं, तरच हातात मिळते, मग ते काका असोत की चिरंजीव. माझंही एक हेल्मेट आणलंय. अंबाड्यावर बसत नाही, म्हणून वेणी घालते. परवा फाट्यावर उतरले, तर भाजीवाली तोंडाला पदर लावून हसली.

हसू दे. पुढच्या खेपेला तिलाही सांगणार आहे.